न लागलेली वीज

क्षमावणीच्या दिवशी सांगलीच्या विश्रामबागेत शिरीष मगदूमांच्या घरी सकाळपासून माणसांची ये-जा चालू होती. पर्युषणाचे उपास संपले की जैन घरांतून सगळे एकमेकांना भेटतात, हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर 'उत्तम क्षमा' म्हणतात. शेजारी येऊन गेले, जुने विद्यार्थी येऊन गेले. पाण्याच्या टाकीवरून ज्यांच्याशी अबोला होता ते वरच्या मजल्यावरचे चौगुलेसुद्धा येऊन गेले. शिरीष प्रत्येकाला हात जोडून तेच शब्द परत करत होते आणि मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळी सहाला पद्मजाचा आवाज यायचा होता.

पद्मजा त्यांची बायको. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि ज्या वयात बायका गुडघ्यांचं तेल बदलून बघतात, त्या वयात दक्षिण ध्रुवाकडे निघून गेली. तिथल्या उघड्या खडकांवर शेवाळ वाढतं. त्याच्या अभ्यासासाठी किनाऱ्यापासून आत एक छोटं ठाणं उभारलं होतं, चार माणसांचं. जन्मभर ती शेवाळावरच काम करत आली होती, त्यामुळे तिला बोलावणं आलं. "जाऊ का?" असं तिनं विचारलं तेव्हा शिरीष म्हणाले होते, "तुझं तू ठरव." ती गेली, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

सहा वाजले. टेबलावरच्या करड्या पेटीत बारीक टिकटिक सुरू झाली.

"काय म्हणता?" पद्मजाचा आवाज आला, स्वच्छ, जसा काही स्वयंपाकघरातूनच आला.

"बरं आहे. तुझं?"

"बरं चाललंय. वारा आहे आज. जेवण झालं?"

"व्हायचंय. पद्मा, वर्षभरात माझ्याकडून काही..."

"माझ्याकडूनही हो. उत्तम क्षमा."

"उत्तम क्षमा," शिरीष म्हणाले आणि पेटीच्या तोंडाशी असलेल्या वरच्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं. ती काळी होती. तिच्यात एक कणभरही उजेड नव्हता. बायकोनं वर्षभराची क्षमा मागितली होती आणि त्यासाठी तिकडे जवळजवळ काहीच वीज लागली नव्हती.

ही पट्टी काय आहे हे सांगायचं, तर शिरीषांनी जन्मभर काय केलं ते थोडं सांगावं लागेल.

तारेतून संदेश जातो म्हणजे काय होतं, हे ते वर्गात घागरीवरून शिकवत. शून्याचा एक करायचा म्हणजे घागर भरायची आणि एकाचा शून्य करायचा म्हणजे ती ओतून द्यायची. वीज लागते ती या भरण्या-ओतण्याला. घागर नुसती भरलेली राहिली किंवा नुसती रिकामी राहिली, तर खर्च नाहीच म्हणा. खर्च असतो तो बदलाचा. त्यामुळे वीज वाचवायची तर दोन उपाय होते. एक म्हणजे घागर लहान करा, कमी दाबावर काम भागवा. दुसरा म्हणजे संदेशाची मांडणीच अशी करा, की घागर कमी वेळा भरावी लागेल. जगभरच्या लोकांनी हे दोन्ही उपाय पिळून काढले होते. घागरीची वाटी झाली, वाटीचा चमचा झाला, पण पुढे सरकेना.

शिरीषांना तिसरा उपाय सुचला तो मिस्ड कॉलवरून. ते तरुणपणी पुण्याला शिकत असताना वाळव्याच्या घरून परत पोहोचले, की वडिलांना एक रिंग देत. वडील फोन उचलत नसत. रिंग वाजली म्हणजे पोरगा पोहोचला, सगळं ठरल्यासारखं झालं. वेगळं काही घडलं तरच बोलायचं. पाऊण महाराष्ट्र असा न बोलता बोलत होता. शिरीषांनी तेच विजेच्या मंडलात आणलं. बोलणाऱ्याच्या पेटीत आणि ऐकणाऱ्याच्या पेटीत त्यांनी एकसारखाच एक 'अंदाजी' बसवला. माणूस आता पुढे काय बोलेल, कोणत्या सुरात बोलेल, याचा अंदाज दोन्हीकडचे अंदाजी एकाच वेळी करतात. माणूस खरोखर तेच बोलला, तर पाठवणारी पेटी फक्त एक बारीकशी टिक देते: अंदाज बरोबर. मग ऐकणाऱ्याकडचा अंदाजी ते वाक्य त्याच माणसाच्या आवाजात बोलून टाकतो. अंदाज चुकला, तरच खरा आवाज पाठवायचा. वीज लागते ती फक्त चुकलेल्या अंदाजाला.

या युक्तीला त्यांनी 'मितवाणी' नाव दिलं. एका कंपनीनं ती घेतली, आणि बघता बघता फोन महिन्यातून एकदा चार्ज होऊ लागले, मनोऱ्यांवरची यंत्रं गार पडली. आत काय चालतं याची लोकांनी चौकशी केली नाही. एका इंजिनिअरनं निवडणुकीच्या काळात मोजमाप केलं तेव्हा म्हणे भाषणांना वीज लागतच नव्हती. माणसं रोज जे बोलतात त्यातलं बहुतेक आधीच ठाऊक असतं, हे शिरीषांना माहीत होतं. आपल्या घराला मात्र त्यांनी तो नियम कधी लावून पाहिला नव्हता.

ध्रुवाकडच्या ठाण्यात विजेचा तुटवडा कायमचा. हिवाळ्यात सूर्य उगवत नाही. पवनचक्कीवर जी मिळेल ती वीज आधी उबेला, मग कामाला आणि उरली तर बोलण्याला. त्यासाठी वेगळी, तळहाताएवढी बॅटरी होती. म्हणून शिरीषांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या दोन पेट्या काढल्या, एक तिच्याबरोबर दिली, एक आपल्यापाशी ठेवली. बाजारातल्या पेट्यांवर नसलेल्या दोन पट्ट्या यांच्यावर होत्या. समोरच्याच्या बोलण्याला किती वीज लागली ते वरच्या पट्टीवर दिसे, आपल्या बोलण्याला किती लागली ते खालच्या. खालच्या पट्टीकडे शिरीष कधी बघत नसत. आपण काय बोललो हे आपल्याला ठाऊकच असतं.

पद्मजा नवी नवी गेली तेव्हा वरची पट्टी दिवाळीसारखी पेटायची. बर्फाचे किती रंग असतात, पेंग्विन किती घाण वास मारतात, सगळं ती दम लागेपर्यंत सांगायची. मग हळूहळू पट्टी विझत गेली. आता महिना-महिना ती काळीच असे. पद्मजा तिकडे होती, बोलत होती, याबद्दल शंका नव्हती. टिक येत होती. पण ती जे बोले ते पेटीला आधीच ठाऊक असे.

"काय ओ दाजी, सणाच्या दिवशी तोंड पाडून बसलाय?" पद्मजाचा धाकटा भाऊ जिनेंद्र दारातून आत येत म्हणाला. मारुती रोडला त्याचं भडंग-चुरमुऱ्यांचं दुकान होतं. मेहुण्याच्या एकटेपणाची काळजी तो भडंगाच्या पुड्या आणून करत असे. "ताई बोलली नाही व्हय?"

"बोलली."

"मग?"

शिरीषांनी त्याला पट्टी दाखवली. सगळं समजावून सांगितलं. जिनेंद्रनं ऐकून घेतलं, तोंडात भडंगाचा बकाणा भरला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही बायकोशी बोलत नाही, मीटर वाचता."

"तसं नाही रे. तिला आता माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं वाटतं."

"आणि तुम्ही काय बोलता?"

"मी... बरं आहे म्हणतो."

"मग ती काय पोवाडा म्हणणार?" जिनेंद्र हसला. "दाजी, भलतंच काहीतरी बोला. दणका द्या. मग बगा, पेटती का नाही पट्टी."

शिरीष विनोदाच्या वाटेला जाणारे गृहस्थ नव्हते. खोटं बोलण्याचा तर त्यांना सरावच नव्हता. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी घसा खाकरून म्हणाले, "पद्मा, आज मी हरभट रोडला उभा राहून कांदाभजी खाल्ली. दोन प्लेट."

चातुर्मास चालू होता. मगदूमांच्या घरात त्या दिवसांत कांदा उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि शिरीष रस्त्यावर उभे राहून चहासुद्धा पीत नसत.

वरची पट्टी धाडकन पेटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय?" पद्मजा म्हणाली. आणि तो आवाज! थोडा बसलेला, मागे वाऱ्याची घोंघों, मध्ये अडकलेला श्वास. इतके महिने जो स्वच्छ आवाज ऐकला तो तिचा होता, पण हा ती होती. शिरीषांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, ताप आहे का तुम्हाला? डोकं दुखतंय? खरं सांगा."

"नाही गं, सहज..."

"सहज? तुम्ही? झोपा बघू आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध यायच्या आत जिनेंद्र दारात हजर झाला. ठाण्याच्या तातडीच्या वाहिनीवरून त्याला निरोप आला होता: 'दाजींना डॉक्टरांकडे ने. काहीतरी बिघडलंय.'

"मला काय ठाऊक तुम्ही थेट भजीच खाणार!" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "ताई तिकडं जागी राहिलीय. एखादा बरा दणका नव्हता? बक्षीस लागलं म्हणायचं."

शिरीष ओशाळले. पण तो आवाज त्यांना सोडेना. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पोहायला शिकतोय म्हणून सांगितलं. पट्टी अर्धीच पेटली. पुढच्या वेळी मिशी ठेवली म्हणाले, तेव्हा नुसती चमकून गेली. त्यानंतर तीही नाही. अंदाजी चुकांवरूनच शिकतो. खोटं बोलणारे शिरीष मगदूमही त्याला पाठ झाले होते, आणि त्यावर पद्मजा काय म्हणणार तेही.

दिवाळी झाली. तिकडे सूर्य परत आला होता आणि उन्हाळ्याचं विमान येणार होतं. एका संध्याकाळी पद्मजा म्हणाली, "विमान येतंय. परत जाणाऱ्यांची नावं परवापर्यंत कळवायची आहेत. इकडचे म्हणतायत, अजून एक हिवाळा राहा." ती थांबली. पट्टीवर अगदी फिका, राखेखालच्या निखाऱ्यासारखा उजेड होता. "काय करू?"

शिरीषांच्या घशात एक शब्द येऊन बसला होता. तो वर्षभर तिथंच होता. त्याच्या आधी तिच्या बदल्या झाल्या, तिचे दौरे झाले, बाळंतपणासाठी ती माहेरी गेली आणि मूल गमावून परत आली, तेव्हाही तो तिथंच होता. त्यांनी घसा खाकरला. क्षणभर गप्प राहिले.

"तुझं तू ठरव," ते म्हणाले.

"बरं. बघते."

निखारा विझला.

दुसऱ्या दिवशी जिनेंद्रनं हे ऐकलं तेव्हा तो हातातली पुडी टेबलावर आपटून म्हणाला, "अवो, काय माणूस हाय का कोण! ये म्हणायला काय कर लागतोय का?"

"तिला राहायचं असेल तर? माझ्यामुळे तिनं का यावं? मी कोण तिला अडवणारा?"

"नवरा!" जिनेंद्र ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, अडवू नका. पण तुम्हाला काय होतंय ते तरी सांगा की तिला. का तेपण तिनंच ठरवायचं?"

शिरीष उठून आत गेले. दिवसभर ते घरात फिरले. पद्मजाच्या कुंड्यांना त्यांनी दोनदा पाणी घातलं. आपण मोठे समजूतदार, बायकोला मोकळीक देणारे, असं इतकी वर्षं मानत आलो. ते समजूतदारपण होतं की नुसतं भिणं, हे त्यांना ठरवता येईना. बहुधा दोन्ही असावं, असं वाटून ते आणखीच खट्टू झाले.

सहा वाजले. टिकटिक सुरू झाली.

"काय म्हणता?"

"पद्मा," शिरीष म्हणाले. बोलताना नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून ती त्यांनी पेटीच्या खालच्या पट्टीवर ठेवली. "मला करमत नाही तुझ्याशिवाय."

सबंध संसारात त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. आता पट्टी अशी पेटेल की डोळे दिपतील, असं त्यांना वाटलं.

खालची पट्टी काळीच राहिली.

त्यांनी पेटीवर टिचकी मारली. पट्टी बिघडली असेल. पण ती बिघडली नव्हती. टिकेपुरती बारीकशी थरथर तिच्यात दिसत होती. अंदाज बरोबर. वीज लागली नाही.

आणि मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. अंदाजी नुसते शब्द धरत नाही. खाकरणं, अडखळणं, श्वास घेऊन सोडून देणं, तेही धरतो. शब्द नसला तरी शब्दाची जागा त्याला दिसते. 'तुझं तू ठरव' म्हणायच्या आधी शिरीष दर वेळी जिथं थांबत, त्या जागेला काय बसेल याचा अंदाज त्यानं कधीच करून ठेवला होता. रोज बाजूला काढून ठेवलेलं हे वाक्य आज त्यांनी उच्चारलं, एवढंच. जे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, ते तिकडे, बर्फात, तिच्या टेबलावर, वर्षभर तयार होतं.

"ऐकलंस का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"ऐकलं. माहीत होतं मला."

"पेटीलाही माहीत होतं," शिरीष म्हणाले. "पट्टी हललीच नाही."

"अहो, पेटीचं काय घेऊन बसलाय? मला ती यायच्या आधीपासून माहीत आहे. माझ्या टेबलावरची ती पट्टी मी कधीच चिकटपट्टीनं झाकून टाकली. म्हटलं, मगदूमांचं बोलणं काय विजेवर मोजायचं!" ती हसली. मग हसणं थांबलं. "पण बरं केलंत बोललात. आता मलाही बोलायला हवं."

वरची पट्टी उजळू लागली.

"मला इथं करमतंय हो," पद्मजा म्हणाली.

पट्टी टोकापर्यंत पेटली. आवाज खरखरीत झाला, मागून वारा आत आला.

"फार करमतंय. इतकं, की तुम्हाला सांगायची लाज वाटायची. तुम्ही तिकडे एकटे, जिनूच्या भडंगावर दिवस काढताय, आणि मी इथं पोरीसारखी खडकांवर चढतेय. काय सांगणार? म्हणून मग बरं चाललंय, वारा आहे, जेवलात का. तेवढंच. बाकीचं सगळं गिळून टाकायचे." ती थांबली. "अजून एक हिवाळा राहायचंय मला. कालच सांगणार होते. तुम्ही ठरव म्हणालात आणि पुढं बोलताच येईना."

शिरीष पेटत्या पट्टीकडे बघत राहिले. म्हणजे ती काळी पट्टी रिकामी नव्हती. तिच्यामागे तिचा आनंद दडवून ठेवलेला होता, त्यांच्यासाठी. जिभेवर ते जुनं वाक्य आपोआप आलं. ते त्यांनी परत आत ढकललं.

"राहा," ते म्हणाले. "मला करमणार नाही. पण राहा."

तिकडून नुसता वारा ऐकू येत होता.

"पद्मा, एक विचारू?"

"विचारा की."

"इतकी वर्षं तू त्या शेवाळाच्या मागं आहेस. मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, मला काय कळणार आणि तुला वाटायचं..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. "काय असतं गं त्यात? कसं दिसतं? सांग ना."

"आता?" पद्मजाच्या आवाजात हसू होतं आणि थोडं रडूही होतं. "खरंच ऐकायचंय?"

"हो."

मग ती बोलू लागली. खडकाच्या कपारीत ते कसं उशीसारखं गोळा होऊन बसतं. वर्षातून नखाच्या जाडीइतकंही वाढत नाही. एक उशी तिच्या ओंजळीत मावेल एवढी आहे, पण तिचा तळ शिवाजी महाराजांच्या आधीचा निघाला. हिवाळाभर ती काळी, कोरडी, मेलेली दिसते आणि उन्हानं बर्फाचा पहिला थेंब वितळून तिच्यावर पडला, की बघता बघता हिरवी होते. ती भराभर बोलत होती, एका गोष्टीतून दुसरीत शिरत होती. मध्येच "नाही नाही, ते आधी सांगायला हवं" म्हणून मागे जात होती. यातलं एकही वाक्य कुणाला आधी ठाऊक नव्हतं. शिरीष टेबलावर कोपरं टेकून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ऐकत होते.

"अहो, बॅटरी खाली चाललीय," ती एकदम म्हणाली. "पेटी ओरडतेय इथं."

"ओरडू दे."

"संपेल हो. आजच्या वाटणीची एवढीच, उद्याशिवाय भरायची नाही."

ज्यांनी सगळा जन्म थेंब-थेंब वीज वाचवण्यात घालवला होता, ते शिरीष मगदूम म्हणाले, "संपू दे. तू बोल."

"बरं. तर ठाण्याच्या मागं एक मोठा धोंडा आहे. तिकडं कुणी जात नाही. मी एकदा वाकून त्याच्या खाली बघितलं, आणि अहो, मला वाटलं, की..."

टिकटिक थांबली. वरची पट्टी विझली.

आवाज मध्येच तुटला, तर पेटी वाक्य लोंबकळत ठेवत नाही. ऐकणाऱ्याला हिसका बसू नये म्हणून अंदाजी ते आपल्या मनानं पुरं करतो, त्याच माणसाच्या आवाजात, अगदी हुबेहूब. ती सोय शिरीषांनीच घातलेली होती. आत्ताही पेटीतून श्वास घेतल्यासारखा बारीक आवाज आला. पद्मजा आता पुढचं बोलणार होती.

शिरीषांनी झटकन हात पुढे करून अंदाजीचं बटण बंद केलं.

खोली शांत झाली. रस्त्यावरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. धोंड्याखाली वाकून बघताना तिला काय वाटलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि उद्या संध्याकाळपर्यंत ते ठाऊक होण्याचा कुठलाही मार्ग नव्हता. बंद पेटीवर हात ठेवून ते तसेच बसून राहिले.